तिसरा मजला आणि रात्री साडेदहाचा एपिसोड

वाचकाचं पत्र, थोडक्यात: कोल्हापुरातल्या एका अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या, पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या ४१ वर्षांच्या ताई लिहितात. मिस्टरांचं शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप आहे. जेवणं आटोपली की ताई आणि सासूबाई खऱ्या गुन्ह्यांवरच्या मालिका बघायला बसतात. टीव्हीवर एक भाग, मग यूट्यूबवर आणखी दोन. जास्त आवडतात ती नवरा-बायकोतल्या खुनांची प्रकरणं. दुसऱ्या दिवशी इमारतीतल्या चौघींच्या ग्रुपवर त्यावर चर्चा होते. मार्च २०२५ मध्ये मेरठचं निळ्या ड्रमचं प्रकरण (नवऱ्याचा मृतदेह ड्रममध्ये भरल्याचा बायकोवर आरोप) गाजल्यापासून मिस्टर 'आणून ठेवू का ड्रम?' असं टोचून बोलतात. परवा तर म्हणाले, 'माझ्याच घरात मला संशयितासारखं वाटतंय, बंद करा हे.' 'आम्ही नुसतं बघतो, त्यात तुमचं काय जातंय?' असं ताईंनी ऐकवलं आणि तेव्हापासून अबोला आहे. १३ वर्षांची मुलगी पांघरुणात मोबाईल घेऊन तेच बघताना सापडली, हे वेगळंच.

खरी अडचण पुढे आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई फेब्रुवारीत बाथरूममध्ये पडून गेल्या. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. हे नवऱ्याचंच काम, अशी चौघींची आता खात्री झाली आहे. कारणं: तो रडला नाही, तेराव्याच्या आधी कामावर गेला, फोनवर हसताना दिसला, दाढी रोज करतो, विम्याचे पैसे मिळाले असं कळलं, पोस्टमॉर्टेम 'मॅनेज' केलं असणार. शेवटी एक ओळ आहे: 'डिसेंबरात ती विरजण मागायला आली तेव्हा गळ्यावर काळंनिळं दिसलं. विचारलं तर म्हणाली, ह्यांनी धरलं होतं, पण कुणाला बोलू नका.' ताईंचे प्रश्न असे: हे बघणं चूक आहे का? पोलिसांत जावं का? मिस्टरांना काय सांगावं?

ताई,

तुमच्या तीन प्रश्नांतला मधला आधी घेते. मालिका बघाव्यात की नाहीत हे पुढच्या महिन्यात ठरलं तरी कुणाचं अडणार नाही. तिसऱ्या मजल्याचं तसं नाही. तुम्ही सात कारणं दिली आहेत. पहिली सहा एकतर टीव्हीनं शिकवलेली आहेत किंवा कुणीतरी कानावर घातलेली. सातवं तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय आणि कानांनी ऐकलंय, आणि नेमकं तेच पत्रात जाता जाता आलंय.

रडला नाही, हसला, दाढी केली. अशा मालिकांची पटकथा आरोपी कोण हे ठरल्यानंतर लिहिली जाते. मग मागे जाऊन नवऱ्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा दोन सेकंद जास्त ठेवतात आणि खाली एक घुमणारा सूर सोडतात. बघणाऱ्याला वाटतं, मला आधीच कळलं होतं. कळलेलं नसतं, कळवलेलं असतं. समोरचा खोटं बोलतोय का हे माणसांना किती ओळखता येतं, यावरच्या दोनशेहून जास्त अभ्यासांचा एकत्र आढावा बाँड आणि डीपॉलो या संशोधकांनी २००६ मध्ये घेतला. माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर निघाली. नाणं उडवून ठरवलं असतं तर ५० टक्के आले असते. रोज जबाब घेणाऱ्या अनुभवी मंडळींचा हिशोबही फारसा वेगळा नव्हता. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाचा चेहरा जिन्यात बघून काढलेला निष्कर्ष बाजूला ठेवा. दाढी केली तर खुनी आणि वाढवली तर खचलेला, ही कसोटी कुठल्याही पोलीस ठाण्यात चालत नाही. तेराव्याच्या आधी कामावर जाणाऱ्याच्या घरी कर्जाचे हप्ते आहेत की रिकाम्या घराची भीती, हे आपल्याला बाहेरून दिसत नाही.

विम्याचं 'कळलं' म्हणजे कुणाकडून कळलं? पॉलिसी कधीची, किती रकमेची, हप्ता कोण भरत होतं? नऊ वर्षांपूर्वी लग्नानंतर काढलेली पॉलिसी आणि तीन महिन्यांपूर्वी गुपचूप काढलेली पॉलिसी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पॉलिसी सुरू होऊन तीन वर्षांच्या आत क्लेम आला तर विमा कंपनी सहसा स्वतःच चौकशी लावते. ते काम तुमच्या ग्रुपचं नाही.

पोस्टमॉर्टेमबद्दल चौघींचा समज मालिकांमुळे पक्का झालाय, म्हणून जरा सविस्तर सांगते. माणूस घरात पडून गेला आणि दवाखान्यात आणण्यापूर्वीच मृत असेल, तर डॉक्टर पोलिसांना कळवतात. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचांसमोर मृतदेहाचा इन्क्वेस्ट पंचनामा होतो आणि गरजेप्रमाणे शवविच्छेदन होतं. कोल्हापूर शहरात ते बहुधा सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात होतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १९४ प्रमाणे, लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत विवाहितेनं आत्महत्या केली असेल, तिचा मृत्यू संशयास्पद असेल किंवा नातेवाइकांनी मागणी केली असेल, तर मृतदेह शवविच्छेदनाला पाठवावा लागतो. सात वर्षं उलटली असली तरी मृत्यूच्या कारणाबद्दल शंका असेल तर पाठवायचाच असतो. हुंडाबळीच्या कलमालाही हीच सात वर्षांची अट आहे. खुनाच्या कलमाला मात्र अशी कुठलीच मुदत नाही. म्हणून 'नऊ वर्षं झाली, आता काही होत नाही' हे चूक आहे, आणि 'मॅनेज झालं' हा अंदाज आहे. अहवालात काय आहे, व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने) राखून ठेवलाय का, गळ्याच्या आतल्या थरांची तपासणी झाली का, हे तुम्हाला माहीत नाही. माहीत असायचं कारणही नाही.

आता डिसेंबरची गोष्ट. गळा धरणं हे थपडेसारखं नसतं. अमेरिकेतल्या नॅन्सी ग्लास आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या अभ्यासात असं दिसलं, की जोडीदारानं आधी कधी गळा दाबला असेल तर त्याच जोडीदाराकडून पुढे खून होण्याची शक्यता सुमारे सातपट वाढते. म्हणून कौटुंबिक हिंसाचारावर काम करणारे लोक आल्या आल्या विचारतात: कधी गळा धरला होता का? त्यातही सुमारे निम्म्या प्रकरणांत गळ्यावर बाहेरून काहीच दिसत नाही. तुम्हाला वळ दिसला आणि तिनं तोंडानं सांगितलं. हे दोन्ही तुमच्याकडे आहे.

पण यावरून खून सिद्ध होतो का? नाही, ताई. पुण्यात १९८२ मध्ये एका तरुण विवाहितेचा सायनाइडनं मृत्यू झाला. लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. तिनं बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं न्यायालयासमोर आली आणि त्यांतून तिचं हाल होणं दिसत होतं. सत्र न्यायालयानं नवऱ्याला फाशी सुनावली, उच्च न्यायालयानं ती कायम केली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडून दिलं, कारण पुराव्यावरून तिनं स्वतः विष घेतलं असण्याची शक्यता मोडून निघत नव्हती. 'शरद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा तो निकाल. परिस्थितीजन्य पुराव्याची पाच तत्त्वं त्यात सांगितली आहेत आणि न्यायालयानंच त्यांना 'पंचशील' म्हटलंय. थोडक्यात असं: प्रत्येक दुवा आधी पूर्ण सिद्ध झाला पाहिजे, सगळे दुवे आरोपीच्या दोषाशीच जुळले पाहिजेत, ते ठोस असले पाहिजेत, दुसरी प्रत्येक शक्यता त्यांनी खोडून काढली पाहिजे, आणि साखळी कुठेही तुटता कामा नये. देशभरातल्या न्यायालयांत आजही हाच निकाल उद्धृत होतो.

दुसरीकडे, आपल्याच राज्यातलं त्रिमुख किरकन प्रकरण बघा. बायको घरात मरण पावली तेव्हा सापानं डसलं असं सांगितलं गेलं. शवविच्छेदनात मृत्यू गळा दाबल्यामुळे झाल्याचं निघालं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवऱ्याची शिक्षा कायम ठेवली आणि म्हटलं, की घराच्या चार भिंतींत काय घडलं हे घरातल्यालाच ठाऊक असतं, तेव्हा त्यानं पटेल असा खुलासा द्यायला हवा. पुराव्याच्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियमात, ही तरतूद कलम १०९ मध्ये आहे. पण इथेही आधी सरकारी पक्षाला आपला पाया भक्कम करावा लागतो, नवऱ्याच्या खुलाशाची वेळ त्यानंतर येते. दोन्ही प्रकरणांत निकाल चेहऱ्यावरून लागलेला नाही. एकात पत्रं होती पण दुवा सुटला, दुसऱ्यात डॉक्टरांचा अहवाल होता आणि सर्पदंशाची गोष्ट टिकली नाही.

म्हणून पोलिसांत जा, पण चौघींनी मिळून जाऊ नका आणि 'त्यानं मारलं' असं म्हणू नका. आधी एकटीनं कागद घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे फक्त स्वतः पाहिलेलं आणि तिच्या तोंडून ऐकलेलं, उजवीकडे वाटलेलं आणि दुसऱ्यानं सांगितलेलं. डावीकडे बहुधा पाच-सहा ओळीच येतील: ती कधी आली, किती वाजता, वळ गळ्याच्या कुठल्या बाजूला होता, बोटांसारखा की सलग, आवाज बसला होता का, गिळताना दुखतंय असं म्हणाली का, आणि तिचे नेमके शब्द. तारीख आठवत नसेल तर त्या दिवशी घरात काय होतं ते शोधा. विरजण कशासाठी हवं होतं, कुणाचा वाढदिवस होता, पतसंस्थेला सुट्टी होती का. तारीख सापडली नाही तर 'डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास' असं लिहा. अंदाजाला नेमकी तारीख चिकटवली की उलटतपासणीत पहिली तीच गळते. हे सगळं ग्रुपवर टाकण्याआधी लिहा. चौघींनी एकमेकींच्या आठवणी ऐकल्या की आठवडाभरात चौघींना एकच वळ एकाच बाजूला दिसायला लागतो, आणि मग कुणाचीच साक्ष धड राहत नाही.

उजवीकडचा भाग घरी ठेवा. डावीकडचा भाग साध्या मराठीत अर्जात उतरवा आणि हद्दीतल्या पोलीस ठाण्याच्या पोलीस निरीक्षकांना द्या: 'अमुक तारखेच्या अकस्मात मृत्यूच्या चौकशीत उपयोगी पडेल अशी माहिती'. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन पोच परत आणा. अर्ज घेतला नाही तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं पाठवता येतो. जबाबासाठी बोलावलं तर महिला साक्षीदाराला राहत्या घराखेरीज दुसरीकडे यायची सक्ती करता येत नाही. तिसऱ्या मजल्याला दिसेल असं पोलिसांनी घरी यायला नको असेल तर स्वतःहून ठाण्यात जा, ते सोपं पडेल. मेलेल्या व्यक्तीनं आपल्या मृत्यूला कारण ठरलेल्या परिस्थितीबद्दल सांगितलेलं पुराव्यात कधी येऊ शकतं, हे साक्ष्य अधिनियमाच्या कलम २६ मध्ये आहे. तुमचं ऐकणं त्यात बसतं की नाही, ते न्यायालय बघेल.

'कुणाला बोलू नका' हे ती जिवंत असताना, त्याच घरात राहत असताना म्हणाली होती. गुपित तिच्या सुरक्षेसाठी होतं. आता ते पाळून तिला काही मिळणार नाही. तिच्या माहेरच्यांनाही ही ओळ कळायला हवी, पण फोनवर 'आम्हाला संशय आहे' असं सांगू नका. आधी अर्ज द्या, मग अर्जात जे आहे तेवढंच सांगा.

ग्रुपचं काय करायचं? जुने संदेश पुसू नका, नवीन लिहू नका. पोलिसांना पाहिलेलं खरं खरं सांगितल्याबद्दल शिक्षा होत नाही. शिक्षा जाणूनबुजून खोटी माहिती देण्याला आहे. पण चार जणींच्या ग्रुपवर 'तो खुनी आहे' असं लिहिणं बदनामीच्या कलमात सहज बसतं, आणि स्क्रीनशॉट काढायला पाचवी बाई लागत नाही. त्या घरात लहान मूल असेल तर त्याचाही विचार करा. शाळेच्या बसमध्ये ही गोष्ट पोचायला दोन दिवस पुरतात.

पुन्हा कुणाच्या गळ्यावर तसं दिसलं तर तिला काय सांगायचं, हे आत्ताच पाठ करून ठेवा. वळ नसला तरी सीपीआरला किंवा जवळच्या दवाखान्यात जाऊन गळा धरल्याचं डॉक्टरला शब्दांत सांग आणि तशी नोंद करून घे. आवाज बदलला, गिळता येईना किंवा श्वास लागला तर थांबू नकोस. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. त्यांचा क्रमांक १५१००. ती लगेच घर सोडणार नाही. सोडायला जोरही करू नका, कारण सोडण्याची वेळच जास्त धोक्याची असते. बाहेर पडायचं ते ठरवून पडावं लागतं: कागदपत्रं, थोडी रोकड, कुणाकडे जायचं ते आधी नक्की.

आता मालिकांचा प्रश्न. बघणं विकृतपणा नाही. खऱ्या गुन्ह्यांच्या कथा पुरुषांपेक्षा बायकांना जास्त ओढतात असं व्हिकरी आणि फ्रेली यांच्या २०१० च्या अभ्यासात दिसलं, आणि त्यामागे बचाव कसा करावा हे शिकण्याची ओढ असावी असं त्यांचं म्हणणं आहे. भीती बिनबुडाची नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आणि गुन्हेविषयक कार्यालयाच्या अंदाजाप्रमाणे २०२३ मध्ये जगात सुमारे ८५,००० बायका-मुलींचे खून झाले. त्यांतले ५१,१०० जोडीदारानं किंवा घरच्यांनी केलेले, म्हणजे शंभरात साठ. खून झालेल्या पुरुषांत हेच प्रमाण शंभरात बाराच्या आसपास आहे. आपल्याकडे २०२२ मध्ये नोंदवलेले हुंडाबळीच साडेसहा हजारांच्या घरात होते. तेव्हा 'नवराच असतो' या ग्रुपवरच्या पैजेला आकड्यांचा आधार आहे. फक्त तो आकडा धोका कुठल्या बाजूनं येतो ते सांगतो, तिसऱ्या मजल्यावरच्या अमुक माणसानं केलं की नाही ते सांगत नाही. तुमच्या ग्रुपचं गणित तिथे चुकलं.

दुसरी चूक बघण्याच्या पद्धतीत आहे. तुम्ही 'कोणी केलं' हे शोधत बघता. उपयोगाचं असतं ते 'आधी काय काय घडत गेलं'. इंग्लंडमधल्या संशोधक जेन मंक्टन स्मिथ यांनी ३७२ खुनांचा माग काढून २०१९ मध्ये आठ टप्पे मांडले: माणसाचा पूर्वेतिहास, नात्यात घाईनं शिरणं, मग नियंत्रण, मग एखादं निमित्त (बहुधा तिनं सोडून जायचं ठरवणं), वाढत जाणारा त्रास, विचारात बदल, तयारी, आणि शेवटी खून. म्हणजे पाचव्या टप्प्यापर्यंत घरातल्या, शेजारच्या, माहेरच्या कुणाला ना कुणाला काहीतरी दिसलेलं असतं. पुढचा भाग बघताना पैज 'कोण' यावर लावण्याऐवजी इथे लावा: कुठल्या मिनिटाला शेजारणीला बोलता आलं असतं? पॉज करा, सासूबाईंना विचारा. त्यांची उत्तरं तुमच्यापेक्षा तल्लख असतील. चाळीस-पन्नास वर्षं चार घरं बघितलेली बाई आहे.

आणि भाग संपला की एक गोष्ट तपासा: निकाल लागलाय का, की नुसती अटक दाखवून संपवलं? मेरठचं प्रकरण टीव्हीवर गाजलं ते अटकेनंतर लगेच, सगळी माहिती तपासाच्या बाजूची असताना. १९९८ मध्ये झी टीव्हीवर 'इंडियाज मोस्ट वाँटेड' सुरू झाला, त्याचे सूत्रसंचालक सुहैब इलियासी यांच्या पत्नीचा जानेवारी २००० मध्ये मृत्यू झाला. फरार आरोपींची चित्रं दाखवणारा माणूस स्वतः आरोपी झाला. डिसेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयानं त्यांना पत्नीच्या खुनाबद्दल जन्मठेप दिली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं निर्दोष सोडलं. या अठरा वर्षांत कुठल्याही टप्प्यावर एपिसोड केला असता तर प्रत्येक वेळी शेवट वेगळा झाला असता.

मिस्टरांचं. 'त्यात तुमचं काय जातंय' या उत्तरानं अबोला आला हे बरोबरच झालं, कारण जातंय. हॉलमध्ये रोज रात्री दोन-तीन तास नवरे बायकांना मारतात आणि आई नि बायको मान डोलावतात. त्या खोलीतून पाणी प्यायला जाणाऱ्या माणसाला काय वाटेल? पण आधी एकांतात स्वतःला विचारा: यांची मला कधी भीती वाटते का? फोन तपासतात, पैशांवर कुलूप आहे, माहेरी जायला अडवतात, कधी गळ्याला हात गेलाय? यातल्या एकालाही 'हो' असेल तर वर दिलेले क्रमांक तुमच्यासाठीही आहेत, आणि ड्रमचा विनोद विनोद समजू नका. सगळ्याला 'नाही' असेल तर ते दुखावलेत एवढंच आहे. रविवारी दुपारी, टीव्ही बंद असताना, सासूबाई समोर नसताना बोला. आकडे तोंडावर मारू नका. एवढंच म्हणा: 'मी बघते तेव्हा तुमच्याकडे बघून बघत नाही. पण तुम्हाला तसं वाटतंय हे कळलं. आठवड्यातून दोन दिवस बघू, एकच भाग, दहाच्या आत. आणि ड्रमचं तुम्ही बंद करा, मला ते ऐकून पोटात गोळा येतो.' दोन्ही बाजूंना एकेक गोष्ट सोडायला लावली की ते बहुधा ऐकतील. लगेच हो म्हणाले नाहीत तर ताणू नका, पण एक भाग आणि दहाची वेळ तुमच्या बाजूनं पाळायला सुरुवात करा.

यूट्यूबचं ऑटोप्ले बंद करा, नाहीतर एकाचे तीन होतात आणि झोप दीडला येते. वॉच हिस्ट्री पुसून 'पॉज' करा. थंबनेलवर रक्त आणि बाण दाखवणाऱ्या चॅनेलच्या तीन टिंबांवर दाबून 'डोन्ट रेकमेंड चॅनेल' निवडा. हळूहळू सुचवण्या बदललेल्या दिसतील.

मुलीला ओरडू नका, मोबाईलही हिसकावू नका. ती घरातल्या मोठ्यांचंच बघतेय. ओटीटीच्या कार्यक्रमांना २०२१ च्या नियमांप्रमाणे वयाचं वर्गीकरण असतं: यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए. तिचं वेगळं प्रोफाइल करा, १३+ वर थांबवा, आणि तुमच्या प्रोफाइलला चार अंकी पिन लावा. पिन म्हणून स्वतःची जन्मतारीख नको, ती तिला पाठ आहे. सेट टॉप बॉक्सलाही चॅनेल लॉक असतं, मेन्यूत 'पॅरेंटल' या नावाखाली सापडेल. यूट्यूबवर असं वर्गीकरण नीट चालत नाही, तिथे बोलण्यावाचून इलाज नाही. तिला विचारा की कुठला भाग बघितला आणि काय खटकलं. मुलांना बहुधा खुनाची भीती वाटत नाही, 'आपले आई-बाबा भांडतात, मग?' ही वाटते. सध्याच्या अबोल्यात तर जास्तच.

एखाद्या वाहिनीनं मेलेल्या बाईची खरी ओळख उघडी केली, किंवा खुनाची कृती पायरी पायरीनं दाखवली, तर तक्रार करा. २०२१ च्या केबल नियमांप्रमाणे वाहिनीला लेखी तक्रारीचं उत्तर १५ दिवसांत द्यावं लागतं. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत स्वनियमन संस्थेकडे अपील करता येतं. भागाची तारीख, वेळ आणि तो प्रसंग कितव्या मिनिटाला आहे हे लिहिल्याशिवाय तक्रार पाठवू नका. 'फार हिंसा दाखवतात' अशी मोघम तक्रार पहिल्याच टेबलावर मिटते.

सासूबाईंचं मन रात्रीच्या भागाशिवाय लागणार नाही, हे मला पत्रावरूनच दिसतंय. त्यांना एकदा खरा खटला दाखवा. सुनावण्या, काही नाजूक प्रकरणं सोडून, सगळ्यांना खुल्या असतात. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात अकराच्या सुमारास जा, ओळखपत्र जवळ ठेवा, मोबाईल बंद करा, सत्र खटला कुठल्या कोर्टात आहे ते बाहेरच्या बोर्डावर बघा. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही कोल्हापुरातच आहे, त्यामुळे इथल्या खटल्यांची अपिलं आता मुंबईला जात नाहीत. आरोपीच्या चेहऱ्याकडे फार बघू नका. पंच साक्षीला उभा राहिला की ऐका: पंचनाम्यावर सही कुठे केली, घरात की पोलीस ठाण्यात, आधी कोरा कागद होता का, दिवा चालू होता का. फितूर झालेला साक्षीदार कसा बोलतो तेही कळेल. त्या दिवशी तारीख पडली तर शेजारच्या कोर्टात जाऊन बसा, तिथे काही ना काही चालू असतंच.